झाकल्या जागेचं काम

आमच्याकडं 'चालतंय की' हे दोन शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतात. मोटरीच्या वायरीचा जोड उघडा पडलाय, चालतंय. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झालीय, आजचा दिवस चालतंय. पाव्हणा आला आणि घरात दूध नाही, कोरा चहा चालतंय. या शब्दात माया आहे, अडचणीत पडलेल्याला सांभाळून घेण्याची समज आहे, आणि तेवढाच आळसही आहे. तिन्ही एकाच सुरात बोलले जातात, म्हणून ऐकणाऱ्याला कुठलं कुठल्या जातीचं हे कळत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण या 'चालतंय'वर मी जेवढा विचार केलाय तेवढा दुसऱ्या कशावर केला नसेल, आणि त्याला सुरुवात झाली ती आमच्या फाट्यावरच्या गॅरेजात, एका फियाटच्या पोटाखाली.

शेतकऱ्याला झाकलं जाणारं काम नवं नाही. पाइपलाइन तीन फुटांवर गाडली की तिचे जोड कुणी बघायला जात नाही. सोल्युशन लावण्याआधी पाइपाचं तोंड पुसलं की नाही, हे पुसणाऱ्यालाच ठाऊक. कांद्याच्या गोणीत वर कोणता माल आणि मधे कोणता, हे शिवणाऱ्याला ठाऊक. द्राक्षाच्या पेटीचं तर सांगायलाच नको. वरच्या थराला मणी असे की नजर लागावी, आणि खाली काय ते मुंबईच्या बाजारात पेटी फुटल्यावर कळणार. तोवर गाडी परतीच्या वाटेला लागलेली. आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती अब्रूसाठी ठीक आहे. मूठ दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल तेव्हा मात्र ती म्हण मला कधी बरी वाटली नाही.

आता क्लचचं. गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, पण पायाखालचं पेडल दाबल्यावर आत काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत नसलं तरी गाडी चालते. इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्टला, एक जड बिडाचं चाक बोल्टांनी आवळलेलं असतं. जात्याच्या दगडासारखं गोल, कडेला दाते. तेच फ्लायव्हील. लहान गाडीचं असलं तरी एका हातानं उचलायला नको वाटावं एवढं वजन. त्याच्या तोंडावर क्लच प्लेट टेकते, तिच्यावर प्रेशर प्लेट, आणि ती प्रेशर प्लेट पुन्हा बोल्टांनी फ्लायव्हीललाच बांधलेली. पेडल सुटलेलं असताना मधली प्लेट दोन्ही बाजूंनी घट्ट दाबली जाते आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला जातो. पेडल दाबलं की दाब उठतो, मधली प्लेट मोकळी होते. एवढंच. पण हे सगळं बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या एका घंटेसारख्या कवचात बंद असतं, आणि एकदा गिअरबॉक्स वर चढला की पुढची चार-सहा वर्षं तिथं उजेड जात नाही.

आमचा मिस्त्री मुंबईत टॅक्स्यांवर शिकलेला. त्या काळी मुंबईची टॅक्सी म्हणजे फियाट, पुढं जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईच्या गर्दीत टॅक्सीवाल्याचा डावा पाय दिवसाला हजार वेळा क्लचवर पडायचा, त्यामुळं क्लचचं काम मिस्त्रीच्या हाताखालून किती गेलं याचा हिशेब त्याच्याकडंही नव्हता. पुढं आईच्या आजारपणात गावी आला आणि राहिला. फाट्यावर पत्र्याचं शेड, मागं कडुनिंब, मधे खणलेला खड्डा, आणि भिंतीवर जुन्या गोधडीत गुंडाळलेला टॉर्क रेंच. त्या रेंचला तो पोरांना हात लावू द्यायचा नाही. गावात लोक त्याला हसायचे. 'आमचा बोल्ट हाताला कळतो, ह्याला यंत्राला विचारावं लागतंय,' असं दुसऱ्या गॅरेजचा माणूस चारचौघांत म्हणायचा.

मी त्याच्याकडं माझ्या ट्रॅक्टरच्या निमित्तानं जायचो आणि काम संपलं तरी बसून राहायचो. बघण्यासारखं होतं म्हणून.

तो गाडी जॅकवर सोडून कधी आत गेला नाही. खाली विटा लावणं त्याला बिलकूल चालायचं नाही. वीट भार सोसते, सोसते, आणि एकदम चुरा होते, आधी सांगत नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर त्यानं कापून ठेवले होते, त्यांवर गाडी टेकवायची, चाकांना ओटी लावायची, बॅटरीची एक वायर काढायची, मग खाली जायचं. क्लच उघडला की आतली काळी राख तो हवेनं उडवू द्यायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं पुडक्यात बांधून पुरायचं. त्या काळी प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वीस-तीस वर्षांनी माणसाला धरते, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. मिस्त्रीनं वाचलं नव्हतं. त्यानं मुंबईत म्हातारे मेकॅनिक खोकताना बघितले होते, तेवढं त्याला पुरलं. हाताखालच्या पोराला तो म्हणायचा, "तू लांब हो रं. तुला अजून लई दिवस श्वास घ्यायचाय."

फ्लायव्हील काढण्याआधी छिन्नीनं किंवा पंचनं खूण करायचा, क्रँकच्या तोंडाशी ते जसं बसलं होतं तसंच परत बसलं पाहिजे, नाहीतर तोल जातो. तीच गोष्ट प्रेशर प्लेटची. परत बसवताना सगळ्यात जास्त वेळ तो पुसण्यात घालवायचा. क्रँकची बैठक आणि चाकाची पाठ, या दोहोंच्या मधे एक कचरा, एक बारीक बर राहिला तरी चाक तिरकं बसणार. डोळ्याला दिसणार नाही इतकं तिरकं, पण कडेला ते वाढतं आणि क्लच थरथरायला लागतो. मागच्या ऑइल सीलवर बोट फिरवून बघायचा. तेल पाझरत असेल तर आधी सील, मग बाकीचं. नव्या प्लेटवर तेलाचा थेंब पडला की ती प्लेट गेलीच. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टाची भोकं आरपार आत तेलापर्यंत गेलेली असतात, तिथं आट्यांना सीलंट लावल्याशिवाय बोल्ट घालायचा नाही.

बोल्ट समोरासमोरचे आवळायचे. आधी सगळे हलके टेकवायचे, मग अर्ध्या जोरानं, मग पुस्तकातल्या आकड्यानं. पुस्तक म्हणजे त्या गाडीचं मॅन्युअल. त्याची पानं तेलानं पारदर्शक झालेली. हाताच्या अंदाजावर तो भरवसा का ठेवत नाही असं मी एकदा विचारलं. त्यानं दोन सारखे बोल्ट घेतले, एकाच्या आट्यांना तेल लावलं, एक कोरडा ठेवला, आणि मलाच आवळायला सांगितले. माझ्या हाताला दोन्ही सारखेच लागले. तो म्हणाला, तेलातला जास्त ताणला गेला, कोरड्यानं निम्मा जोर घासण्यातच खाल्ला. हाताला ताण कळत नाही, घासणं कळतं. म्हणून पुस्तक कोरडा म्हणत असेल तर कोरडा, आणि तेल म्हणत असेल तर तेल. जुन्या कित्येक गाड्यांत या बोल्टांखाली पातळ पत्र्याची लॉक प्लेट असते. बोल्ट आवळल्यावर तिचे कान वाकवून बोल्टाच्या डोक्याला टेकवायचे, म्हणजे बोल्ट फिरून सुटत नाही. हे कान एकदाच वाकवायचे असतात. पुन्हा सरळ करून पुन्हा वाकवले की तार वाकवून वाकवून तोडतो तसे तुटतात. नवी लॉक प्लेट त्या वेळी दोन-चार रुपयांची वस्तू. पण तीच मिळत नाही म्हणून जुनीच ठोकून बसवणारे मी स्वतः बघितलेत.

प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडं हे बहुतेक प्लेटवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं पुसलं असेल तर स्प्रिंगांचा फुगवटा बहुधा गिअरबॉक्सकडं जातो, पण मिस्त्री तेवढ्यावर थांबायचा नाही. हातानं धरून एकदा फिरवून बघायचा, कुठं घासत नाही ना. प्लेट मधोमध यावी म्हणून त्याच्याकडं जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला शाफ्ट होता. तो आत सरकवायचा, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक फेरा, समोरासमोर. एकीकडूनच आवळत गेलं तर कव्हर वाकतं, आणि वाकलेलं कव्हर परत सरळ होत नाही. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा हात फिरवल्यासारखा नुसता मुलामा, जादाचं पुसून. मग गिअरबॉक्स. तो चढवायला तिघं लागायचे. शाफ्ट आत गेला पण गिअरबॉक्स अजून टेकला नाही, अशा वेळी कुणाचा हात सुटला तर सगळं वजन त्या प्लेटच्या मध्यावर लोंबतं आणि नवी प्लेट तिथंच वाकते. "हातात धरा, बोल्टानं ओढू नका," हे तो इतक्यांदा म्हणायचा की आम्ही त्याच्या आधीच म्हणायचो. दोन लांब स्टड आधीच लावून ठेवायचा, त्यांवरून गिअरबॉक्स सरळ सरकायचा. शेवटी पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवायची. ती नसेल तर बेअरिंग सतत टेकून राहतं आणि जळतं.

हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगायचं कारण असं, की यातलं काहीही गिऱ्हाईकाला दिसत नाही. पुसलं, नाही पुसलं, दोन्ही गाड्या सकाळी सारख्याच आवाजात सुरू होतात. दुसऱ्या गॅरेजात हेच काम एका दिवसात व्हायचं. मिस्त्रीला अडीच दिवस लागायचे. पैसे दोघांचे जवळपास सारखे.

आणि चुकलं तर काय? हे मला दहावीच्या गणितानं कळलं. समजा फ्लायव्हील २८ सेंटिमीटर व्यासाचं आहे. त्याचा परीघ झाला ८८ सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय, म्हणजे सेकंदाला ५०. कडेवरचा एक दाता सेकंदाला ४४ मीटर पळतो, म्हणजे तासाला १५८ किलोमीटर. गाडी झाडाखाली उभी असली तरी. इंजिनिअर झालेल्या माझ्या पुतण्यानं पुढचं मांडून दाखवलं. त्या कडेवरचा ५० ग्रॅमचा तुकडा त्या वेगाला ७० किलोच्या ओढीनं बाहेर जायला बघत असतो. मूठभरसुद्धा नसलेल्या बिडाला एक धडधाकट गडी लोंबकळल्यासारखं. चाक फुटलं किंवा बोल्टांतून सुटलं तर तो तुकडा कवच फोडून येतो. कवचाच्या वर पातळ पत्रा, आणि त्या पत्र्यावर ड्रायव्हरचे पाय.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती १९९४ च्या मे महिन्यातली.

आमच्या भावकीतल्या एकानं मुंबईहून जुनी फियाट आणली होती. लग्नाची भाडी मारायचा. रात्री-अपरात्री गावातलं आजारी माणूस तालुक्याला न्यायला तीच एक गाडी. गाडीवर सोसायटीचं नाही, सावकाराचं कर्ज. ऐन लगीनसराईत क्लच घसरायला लागला. चढाला इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवर. मिस्त्रीनं उघडलं तर प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजलेली, ती अपेक्षाच होती. पण फ्लायव्हील निळंकाळं पडलेलं. उष्णतेनं बिडाच्या तोंडावर बारीक तडे येतात. केसासारखे, वरवरचे असले तर लेथवर तोंड घेतलं की जातात. त्यानं चाक खडूनं तपासलं. रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड टाकायची. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. एक रेघ तोंडावरून निघून सरळ बोल्टाच्या भोकापर्यंत गेलेली दिसली. मग त्यानं ते चाक तारेला टांगून हातोडीनं हलकं वाजवलं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. हे बद्द वाजलं. आमच्या बायका कुंभाराकडं माठ घेताना बोटानं वाजवतात, त्यातल्या कुणीही ते चाक परत केलं असतं.

मिस्त्री म्हणाला, हे बसणार नाही.

गाडीवाला म्हणाला, "मिस्त्री, आवं लगीनसराई हाय. नवी प्लेट टाका, गाडी जोडून द्या. पावसाळ्यात बघू चाकाचं."

"न्हाई बसवायचा."

"माझी गाडी हाय. माझा जीव हाय. म्या म्हणतोय न्हवं?"

"मागच्या शिटावर बसत्यात त्यांनी म्हटलंय व्हय?"

त्यावर गाडीवाला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तो म्हणाला, "तुम्हास्नी परवडतंय खरं वागायला. तुमच्या दारात सावकार उभा न्हाई."

हे खोटं नव्हतं. मला वाटतं, नीतीवर बोलणाऱ्या पुष्कळ माणसांनी हे वाक्य ऐकून घ्यायला पाहिजे. भरल्या पोटानं सावध राहणं सोपं असतं. दुष्काळात आपण बैलाला अर्ध्या वैरणीवर काम करायला लावतोच ना? फुटक्या पायपावर सायकलची ट्यूब गुंडाळून पाणी ओढतोच ना? आज जुगाड म्हणून त्याचं कौतुक करतात. तेव्हा तो नाइलाज होता. गरिबाला प्रत्येक गोष्ट पुस्तकाप्रमाणं करायला सांगणं म्हणजे त्याला कामच करू नको असं सांगणं होईल.

मग फरक कुठं पडतो? मी त्यावर फार दिवस घोळलो आणि मला सापडलं ते असं. काही वस्तू मोडण्याआधी ओरडतात. क्लच प्लेट झिजली तर घसरते, जळका वास येतो, आठ-पंधरा दिवस सूचना देते. बेअरिंग गेलं तर कुरकुरतं. पायपावरची ट्यूब सुटली तर पाणी वाया जातं, माणूस ओला होतो. अशा ठिकाणी 'चालतंय' म्हणायला हरकत नाही, कारण चालेनासं झालं की ते सांगणार आहे. पण चिरलेलं चाक काही सांगत नाही. वाकवून परत वाकवलेला लॉक प्लेटचा कान काही सांगत नाही. विटेवर टेकवलेली गाडी काही सांगत नाही. ती कालपर्यंत चालली, याचा अर्थ आज चालेल असा होत नाही. तिथं 'चालतंय' म्हणणारा माणूस जे बोलतोय ते त्याला माहीतच नसतं.

आणि दुसरं, ते भोगणार कोण. माझ्या विहिरीवरचा उघडा जोड मी हाताळणार असेन तर तो माझा आणि वायरीचा मामला. गडी हाताळणार असेल तर तो माझा मामला राहत नाही. गाडीवाला 'माझा जीव' म्हणाला तेव्हा त्याला तो खरंच स्वतःचाच वाटत होता, यात शंका नाही. पण नवरा-नवरी घेऊन जाणाऱ्या गाडीत त्याचा एकट्याचा जीव नसतो. बसणारे गाडीचा रंग बघून बसतात, खडूची रेघ त्यांना कुणी दाखवलेली नसते.

इथवर आलो की मिस्त्री बरोबर होता असं म्हणून थांबता आलं असतं. पण गोष्ट इथं थांबली नाही.

गाडी सुटी होऊन पडली. पहिल्या दोन दिवसांत गाडीवाला दुसऱ्या गॅरेजवाल्याला घेऊन आला, तो जोडून द्यायला तयार होता. मिस्त्रीनं सुटं सामान द्यायला नकार दिला नाही, तसा त्याला हक्कच नव्हता. तो एवढंच म्हणाला, की न्यायचं तर हे चाक घेऊन वाड्यासमोर चला, चार माणसांत खडू लावून दाखवतो, मग न्या. गाडीवाल्यानं नेलं नाही. चार माणसांत दाखवल्यावर भाडं कोण देणार? आता याला मन वळवणं म्हणायचं की अडवणं? मला त्या वेळीही ते थोडं अडवणंच वाटलं, आजही वाटतं. दुसऱ्याची अब्रू पणाला लावून आपलं खरं करून घेणं हेही एक प्रकारचं बळच आहे. पण गुपचूप सामान देऊन टाकलं असतं, आणि माझे हात स्वच्छ आहेत असं म्हणून तो चहा पीत बसला असता, तर ते मला आवडलं असतं का? नकार देणारा पुष्कळदा फक्त स्वतःला सोडवून घेतो. काम दुसरा करतो, गाडी रस्त्यावर तशीच येते. मिस्त्रीला स्वतःला सोडवून घ्यायचं नव्हतं, गाडी थांबवायची होती. त्याची किंमत दुसऱ्यानं भरली, हे मात्र खरं.

सातव्या दिवशी रात्री आमच्या आळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. फियाट स्लीपरांवर. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट, पाचटावर गोधड्या आणि त्यावर बाईला घातलं. तालुक्याचा दवाखाना गाठायच्या आधीच दूध डेअरीच्या पुढं ती बाळंत झाली. देवाच्या दयेनं दोघंही नीट राहिली. पण सकाळी गाव मिस्त्रीवर उलटलं. "बाई गेली असती तर? तुझा खडू आला असता का धावून?" मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही. तो दिवसभर कामाला बसला नाही एवढं मी बघितलं. गावकऱ्यांचं बोलणं अन्यायाचं होतं असं मला म्हणता येत नाही. उभी गाडीही माणूस मारू शकते. चिरलेलं चाक कदाचित त्या रात्री काही न होता तालुक्याला जाऊन आलं असतं. बहुतेक गेलंच असतं. धोका म्हणजे दर वेळी घडणारी गोष्ट नव्हे. तो घडत नाही तोवर त्याला भिणारा माणूस येडा दिसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं मिस्त्री स्वतः कोल्हापूरला गेला. भंगारवाल्यांकडं हिंडून त्यानं फियाटचं एक चाक काढलं, तिथंच वाजवून बघितलं, उद्यमनगरात लेथवर तोंड घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पोत्यात घालून एस्टीच्या टपावरून आणलं. नवे बोल्ट, लॉक प्लेट, सगळं स्वतःच्या उधारीवर. अकराव्या दिवशी संध्याकाळी गाडी खाली उतरली. हे त्यानं पहिल्याच दिवशी का केलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पैसं मिळतील का न्हाई ते बघत होतो." एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. म्हणजे त्याच्याही खरेपणाला सात-आठ दिवस हिशेब करावा लागला होता. त्यामुळं तो माझ्या नजरेतून उतरला नाही, उलट गाडीवाल्याचं ते सावकाराचं वाक्य त्यालाही लागू होतं एवढं कळलं. त्याच्याही दारात कुणी ना कुणी उभं असणार.

पैसे त्याला दिवाळीपर्यंत तुकड्यातुकड्यानं मिळाले. काही ज्वारीच्या रूपात. गाडीवाल्यानं आभार मानले नाहीत. 'ऐन सराईत माझी गाडी अकरा दिवस उभी केली' हे मात्र तो पुढं कित्येक वर्षं सांगत राहिला, आणि ऐकणारे मान डोलवत राहिले. द्राक्षाच्या बागेत वेळेवर फवारणी केली की डावणी येत नाही, आणि शेजारी म्हणतो, यंदा रोग नव्हताच, उगाच औषध घातलंस. त्याला दाखवायला आपल्याकडं काही नसतं.

ते चिरलेलं चाक गॅरेजातच पडून होतं. मिस्त्री त्यावर टेबलफॅन ठेवायचा. कुणी ना कुणी येऊन म्हणायचं, "बघा, अजून फुटलं न्हाई." मिस्त्री हसायचा. फॅनखाली फुटायचं कारणच नव्हतं.

१९९९ साली ती फियाट जतकडच्या एकानं घेतली. सौद्याला मीही होतो. तो माणूस गाडीभोवती दोनदा फिरला, टायरांना लाथा मारल्या, बॉनेट उघडून इंजिनाकडं बघितलं, बसून क्लच दोन-चारदा दाबला आणि 'हलका हाय' म्हणाला. मग मागच्या सीटचं कव्हर एका कडेला फाटलेलं त्याला दिसलं, आणि त्यावरून त्यानं पाचशे रुपये कमी करून घेतले.